बिघाड कोठें आहे तें आधीं पाहा

खरिपाची पेरणी आटोपून पिकें वर आलीं कीं शेतकऱ्याच्या मागें कोळपणी, खुरपणी व खतें यांची घाई लागते. अलीकडे त्यांत आणखी एका कामाची भर पडली आहे. शेतांत काय पेरलें याची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत सर्वत्र सुरू झाली. सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, अनुदानाची चौकशी, बाजार समित्यांचे भाव, हें सर्व आज बहुतांशीं त्याच वाटेनें येतें व जातें. ही वाट ऐन मुदतीच्या दिवशीं बंद पडली तर नुकसान होतें तें वाट पुरविणाऱ्याचें नव्हे, शेतकऱ्याचें. शेतांत कपाशी उभी आहे पण नोंद नाहीं, आणि नोंद नाहीं म्हणून अतिवृष्टीची भरपाई मागतांना हातांत पुरावा नाहीं, अशी स्थिति येते. म्हणून इंटरनेट ही केवळ पोरांच्या करमणुकीची वस्तु आहे हा समज आतां टाकून दिला पाहिजे. नांगर, पंप व फवारणीचें यंत्र यांच्या पंक्तीस बसणारें तें एक अवजार आहे असें आम्ही मानतों, व अवजार म्हणूनच त्याची निगा राखावी असें वाचकांस सुचवितों.

विहिरीवरचा पंप पाणी देईनासा झाला तर जाणता शेतकरी लगेच मोटर उघडून बसत नाहीं. वीज आहे का, फ्यूज गेला आहे का, फूटव्हॉल्व्ह गळतो का, विहिरींत पाणी किती आहे, हें तो क्रमानें पाहतो. इंटरनेट बंद पडलें म्हणजे मात्र हाच शहाणा मनुष्य आपला शहाणपणा गुंडाळून ठेवतो. फोनमधील दिसेल ती सेटिंग तो फिरवितो, शेजारचा मुलगा त्यांत आणखी दोन फिरवितो, आणि शेवटीं कोणी तरी राऊटरच्या मागील बारीक छिद्रांत टांचणी खुपसतो. मूळचा बिघाड असतो एक; संध्याकाळपर्यंत त्याचे चार झालेले असतात. बिघाड कोणत्या टप्प्यांत आहे हें ठरविल्यावांचून दुरुस्तीस हात घालूं नये, हेंच या लेखांत आम्हांस मुख्यत्वें सांगावयाचें आहे.

हे टप्पे कालव्याच्या पाण्याप्रमाणें तीन समजावे. सरकारी कचेरीचें अगर बँकेचें यंत्र हें धरण. कंपनीची तार किंवा टॉवर हा कालवा. आणि घरांतील राऊटरपासून फोनपर्यंतचा वायफायचा मार्ग हा आपल्या शेतांतील दांड. फोनवर वायफायच्या पट्ट्या भरलेल्या दिसल्या म्हणजे इंटरनेट आहे असें पुष्कळ लोक समजतात. तें चूक आहे. त्या पट्ट्या फक्त दांडाची हकीकत सांगतात. कालवा वाहतो कीं कोरडा आहे हें त्यांवरून कळत नाहीं. यासाठीं तीन सोप्या परीक्षा आहेत. जें पान उघडत नाहीं त्याऐवजीं दुसरें एखादें पान उघडून पाहावें. तें उघडलें तर आपली जोडणी ठीक असून दोष बहुधा त्या कचेरीच्या यंत्रांत आहे. अशा वेळीं आपल्या फोनशीं झगडण्यांत अर्थ नाहीं. तेंहि उघडलें नाहीं तर त्याच वायफायवर घरांतील दुसरा फोन लावून पाहावा. दुसऱ्यावर चालत असेल तर दोष पहिल्या फोनांत आहे. दोहोंवरहि चालत नसेल तर वायफाय बंद करून सिमकार्डाच्या इंटरनेटवर तेंच पान पाहावें. त्यावर उघडल्यास दोष राऊटरांत किंवा कंपनीच्या तारेंत आहे. या सर्वांस पांच मिनिटें पुरतात, व या पांच मिनिटांनीं एखादा दिवस वांचतो.

राऊटरकडे वळल्यावर प्रथम त्यावरील दिवे पाहावे. काचतंतूची तार ज्या डब्यांत येते त्यावर ‘एलओएस’ अशी खूण असलेला दिवा असतो. तो तांबडा लागला किंवा लुकलुकूं लागला म्हणजे तारेंतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोंचत नाहीं असें समजावें. ही तार म्हणजे कांचेचा धागा होय. ती दारांत दबली, खिळ्यापाशीं तीव्र कोनांत वळली, उंदरानें कुरतडली अथवा बांधालगत जेसीबीनें ओढली गेली कीं काम संपलें. घरांतील भागांत कोठें पीळ अगर मोड पडली आहे का एवढेंच आपण पाहावें व बाकीचें कंपनीच्या मनुष्यावर सोपवावें. तारेचें टोंक काढून डोळ्यासमोर मात्र धरूं नये. त्यांतील प्रकाश दिसत नाहीं, तरी तो डोळ्यांस अपायकारक होऊं शकतो. ‘पॉन’ नांवाचा दिवा स्थिर असून ‘एलओएस’ विझलेला असेल तर तार ठीक आहे. मग राऊटरची वीज एक मिनिट बंद करून पुन्हां लावावी व पांच मिनिटें त्यास हात न लावतां वाट पाहावी.

खेड्यांतील वीज जातेयेते व तिचा दाब कमीजास्त होतो. बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळें त्यांना पुरेल अशी लहान बॅटरी बसविणें फारसें अवघड नाहीं. अडॅप्टर बदलतांना त्यावरील व्होल्टचा आंकडा जुन्याशीं ताडून पाहावा. वळवाच्या पावसांत विजा कडाडूं लागल्या कीं राऊटरची पिन काढून ठेवावी, हें उत्तम. राऊटरच्या दोन लहरींविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून दूरवर जाते पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंतीपलीकडे ती दुबळी होते. गोठ्यांत किंवा खळ्यावर फोन चालवावयाचा असेल त्यानें पहिलीच निवडावी.

आतां त्या टांचणीच्या छिद्राविषयीं. तें दाबून धरल्यानें राऊटर ‘नवा’ होतो हें खरें. पण नवा होतो म्हणजे कंपनीच्या मनुष्यानें बसवितांना त्यांत भरलेलें सर्व कांहीं पुसलें जातें. घरानें ठेवलेला पासवर्ड तर जातोच; शिवाय कंपनीकडे ओळख पटविणारें ग्राहकाचें नांव व त्याचा स्वतंत्र पासवर्ड जेथें भरलेला असतो, तेथें तोहि जातो. मग तार ठीक, वीज ठीक, दिवे ठीक, आणि इंटरनेट नाहीं. हे दोन शब्द लिहून ठेवलेले नसतील तर कंपनीचा मनुष्य येईपर्यंत स्वस्थ बसण्यावांचून इलाज राहत नाहीं. तेव्हां तें छिद्र हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

मोबाइलवरील इंटरनेटचे दोष बहुधा याहून साधे असतात. दोन सिमकार्डें असलेल्या फोनांत इंटरनेट भलत्याच सिमवर लावलेलें असतें. विमानांतील प्रवासासाठीं असलेली कळ चुकून दाबली जाते. अनेक योजनांत रोजचा ठराविक वांटा संपला कीं वेग ६४ केबीपीएसवर येतो व पान अर्धवट उघडून थांबतें. तें मध्यरात्रीनंतर आपोआप सुधारतें, म्हणून मुदतीच्या दिवशीं सकाळीं चित्रपट पाहण्यांत हा वांटा घालवूं नये. जिओ कंपनीची सेवा २जी व ३जीवर नाहींच. तिचें सिम असलेल्या फोनांत नेटवर्काचा प्रकार कोणीं २जीवर नेऊन ठेवला तर सेवा मिळणार नाहीं. ‘एपीएन’ म्हणून एक नांव प्रत्येक कंपनीनें ठरविलेलें असतें, जसें जिओचें जिओनेट व बीएसएनएलचें बीएसएनएलनेट. हें नांव फोन बहुधा आपण होऊन भरतो. हातानें भरावें लागल्यास रोमन लिपींत, लहान अक्षरांत व मध्यें जागा न सोडतां भरावें. फोनची तारीख व वेळ चुकली असली तरी बँकेचीं व सरकारचीं सुरक्षित पानें उघडत नाहींत, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. तसेंच, पीक पाहणीच्या वेळीं ‘नेट नाहीं’ म्हणून जो बोभाटा होतो त्यांत कित्येकदां फोनचें ‘लोकेशन’ बंद असतें. शेताचें स्थान फोनास उपग्रहांवरून कळतें. त्याचा इंटरनेटच्या रेंजशीं अर्थाअर्थीं संबंध नाहीं.

दोष सांपडल्यावर एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदलण्यापूर्वीं ती कशी होती तें लिहून ठेवावें, व गुण न आल्यास ती पूर्ववत् करून मगच दुसरीकडे जावें. फोनांतील ‘रीसेट नेटवर्क’ या उपायानें साठविलेले सर्व वायफाय पासवर्ड जातात, म्हणून तोहि मागें ठेवावा. आपल्या जोडणीचा एक कागद प्रत्येक घरीं असावा. त्यावर ग्राहक क्रमांक, राऊटरचें नांव, ओळखीचे शब्द, एपीएन व तक्रारीचा दूरध्वनि हें लिहून तो खातेपुस्तकाजवळ ठेवावा.

यावर कोणी म्हणेल, हें काम शिकलेल्या पोरांचें आहे. पोरगा पुण्यास शिकावयास गेला म्हणजे पंप बंद ठेवावयाचा काय ? आणि जो स्वतः कांहींच जाणत नाहीं त्यास ठक लवकर गांठतो. ‘तुमचें इंटरनेट आम्ही येथूनच दुरुस्त करतों, एवढें ॲप घ्या व आलेला आंकडा सांगा’ असा फोन आला तर तो दुरुस्तीचा नसून खिशावरचा आहे हें ओळखावें. ओटीपीचा आंकडा कोणासहि सांगूं नये व आपल्या फोनाचा ताबा परक्याच्या हातीं देऊं नये.

तथापि सर्व भार शेतकऱ्यावरच टाकणें न्याय्य नव्हे. दांड शेतकऱ्यानें स्वच्छ ठेवावा. कालवा व धरण त्याच्या हातचें नाहीं. राऊटर बसविणाऱ्या प्रत्येक कंपनीनें वर सांगितलेला कागद मराठींत भरून ग्राहकाच्या हातीं दिलाच पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या सन २०२४ च्या नियमांत, एखाद्या जिल्ह्याची सेवा चोवीस तासांहून अधिक बंद पडल्यास तेथील ग्राहकांस बिलांत सूट अथवा मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. ती चांगली आहे. पण जिल्हा हें माप खेड्याच्या उपयोगाचें नाहीं. एका गांवाचा टॉवर आठ दिवस मुका राहिला तर त्या गांवानें कोणाकडे पाहावें ? सन २०२३ च्या खरिपांत पीकविम्याची मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढविण्यांत आली, परंतु अशी कृपा दर वर्षीं होईल या भरंवशावर कोणीं राहूं नये. जेथें जोडणी बंद असल्याची तक्रार मुदतीपूर्वीं नोंदलेली आहे तेथें त्या शेतकऱ्यास मुदत आपोआप वाढवून मिळावी, हा नियमच असला पाहिजे अशी आमची मागणी आहे.

ही मागणी तडीस जाण्यास पुरावा लागेल, आणि तो आपणच जमवावयाचा आहे. जोडणी बंद पडतांच तारीख, वेळ व पडद्याचें छायाचित्र ठेवावें, कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. आपल्या संघाच्या प्रत्येक गांवच्या सभासदांनीं जुलैच्या आरंभीं एक दिवस ठरवून सर्वांचे फोन व राऊटर तपासावे, आणि अशा तक्रारींची एक वही ठेवावी. एकट्याची तक्रार वाऱ्यावर जाते. पन्नास घरांची, तारीखवार लिहिलेली तक्रार कोणत्याहि कचेरीस बाजूस सारतां येत नाहीं. मुदतीचा शेवटचा दिवस हा बिघाड शोधण्याचा दिवस नव्हे. तें काम पेरणीपूर्वीं तिफणीची दुरुस्ती करावी तसें आधींच उरकलें पाहिजे.