निळ्या रंगावर विसंबू नये

जीएचके-कॉपर म्हणजे ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन या तीन अमिनो आम्लांची साखळी आणि तिने धरलेला तांब्याचा एक आयन. लॉरेन पिकार्ट यांना १९७३ साली मानवी रक्तद्रवात हे पेप्टाइड सापडले. पाण्यात ते चटकन विरघळते, सुरेख निळा रंग येतो आणि द्रावण जमले असे वाटते. मोरचुदाचे पाणीही निळेच असते.

चूक बहुधा वजनातच होते. फ्रीझरमधली कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. गार भुकटी हवेतली ओल ओढते आणि तोलकाटा ती ओलही पेप्टाइड म्हणून मोजतो. संयुगाचा रेणुभार सुमारे ४०२. म्हणजे १० मिलिमोलर स्टॉकसाठी दर मिलिलिटरला ४.०२ मिलिग्रॅम. मात्र कुपीतल्या ५० मिलिग्रॅममध्ये अ‍ॅसिटेट आणि पाणीही असते. कुपीसोबतच्या प्रमाणपत्रावर संयुगाचा निव्वळ अंश ८५ टक्के असेल, तर खरा माल ४२.५ मिलिग्रॅमच भरतो; म्हणून द्रावण १०.६ मिलिलिटर करायचे, १२.४ नव्हे. एचपीएलसीची ९८ टक्के शुद्धता हा निराळा आकडा आहे. त्यात पाणी धरलेले नसते, आणि नेमकी इथेच गल्लत होते.

स्टॉक अतिशुद्ध पाण्यात करावा. ईडीटीए तांबे काढून घेते; डीटीटी आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल त्याचे क्षपण करतात; ट्रिस त्यावर हक्क सांगू पाहते. फॉस्फेट बफरमध्ये मोकळे तांबे असले तर गढूळपणा येतो. सीरममधला अल्ब्युमिनही तांबे धरतो, म्हणून कल्चरमध्ये टाकलेले संयुग तसेच्या तसे राहिले असे गृहीत धरता येत नाही. बेंझिल अल्कोहोल घातलेले पाणी पेशींच्या प्रयोगात वापरू नये.

सांद्रता २८० नॅनोमीटरला तपासण्यात अर्थ नाही. या साखळीत ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिनही नाही. बीसीए चाचणी मुळात तांब्यावरच चालते, तेव्हा तीही बाद. तांबे अणुशोषण वर्णपटमापनाने आणि पेप्टाइड अमिनो आम्ल विश्लेषणाने मोजले, तरच दोहोंचे गुणोत्तर कळते. प्रयोगात तांबेविरहित जीएचके आणि तितक्याच सांद्रतेचे कॉपर सल्फेट अशी दोन्ही नियंत्रणे हवीत. पहिलेच ठेवले, तर परिणाम संयुगाचा की नुसत्या तांब्याचा, हे सांगता येत नाही.

०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलेला स्टॉक एकेका दिवसापुरत्या भागांत उणे २० अंशांवर ठेवावा आणि वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. हिरवट झाक किंवा गाळ दिसला, तर तो भाग टाकून द्यावा. पण बेसिनमध्ये नव्हे, जड धातूंच्या कचऱ्याच्या बाटलीत, कारण तांबे जलचरांना विषारी असते.