जुनी जीप बंद का पडते?



आज पिकाविषयी नाही, दारातल्या जुन्या डिझेल जीपविषयी बोलू. शेतमाल बाजारात न्यायचा असो की रात्री दवाखाना गाठायचा असो, घराची सारी मदार तिच्यावर असते.

जिंतूर तालुक्यातील एका घरची गोष्ट सांगतो. सुनेला बाळंतपणासाठी परभणीला नेत होते. रात्री वाटेत जीप बंद पडली. मागून येणाऱ्या टेम्पोने नेले म्हणून निभावले. मिस्त्रीने डिझेलचा मुख्य पंप खोलून दुरुस्तीला पाठविला. सोयाबीनचे पैसे त्यात गेले. आठवड्याने जीप पुन्हा तशीच बंद पडली.

मी गेलो तेव्हा मालक पंपालाच दोष देत होते. दारात धान्य पाखडत बसलेल्या काकू म्हणाल्या, "साहेब, टाकी भरली की गाडी चांगली पळती. निम्मी झाली की मरती. इतके दिवस कुणी विचारलंच नाही."

खरे निदान काकूंनीच केले होते! टाकीतून डिझेल ओढणारी उभी नळी मधोमध गंजून तिला बारीक भोक पडले होते. डिझेल भोकाच्या वर असेपर्यंत काही बिघडत नसे. खाली गेले की नळी हवा ओढू लागे. टाकीतली ती नळी बदलली आणि काम झाले.

हवेने एवढे काय होते? डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा सुमारे वीस पट दाबली जाते, त्यामुळे ती तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, तसेच हे. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा उडाला की तो पेट घेतो. नोझल उघडायला मोठा दाब लागतो. मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर तो बुडबुडाच दबतो, नोझल उघडत नाही आणि इंजिन बंद पडते.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. जीपची टाकी इंजिनापेक्षा खाली असते आणि डिझेल वर ओढले जाते. त्यामुळे या नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर गळतेच असे नाही. उलट हवा आत जाते. 'कुठे गळत नाही, म्हणजे नळी चांगली' असे समजू नका.

म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करावी:

१. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले आहे काय? झाकण सैल केल्यावर गाडी नीट चालली, तर दोष तिथेच आहे.

२. रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. चिरा दिसल्या तर नळ्या बदलाव्यात, क्लिपा आवळाव्यात.

३. फिल्टरच्या तळाचे पाणी व गाळ काढावा. पावसाळ्यात पिंपातले डिझेल वापरणाऱ्यांनी हे जरूर करावे.

४. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारावा. फेस थांबून स्वच्छ डिझेल आले की स्क्रू आवळावा. पुन्हा पुन्हा हवा धरत असेल, तर ती कुठून येते ते शोधावे.

५. एवढ्याने उलगडा झाला नाही, तर स्वच्छ कॅन इंजिनापेक्षा उंच बांधून त्यातून नळीने डिझेल द्यावे. गाडी उभी ठेवूनच इंजिन चालवावे. ते सुरळीत चालले, तर दोष टाकीत किंवा नळीत आहे. पंप खोलू नये.

धूरही पुष्कळ सांगतो. स्टार्टर फिरतो पण धूर मुळीच नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन धरत नाही, तर डिझेल पोचते, पेटत नाही. हीटर प्लग पाहावेत. काळा धूर आला तर आधी एअर क्लीनर साफ करावा. आपल्या काळ्या मातीच्या धुळीने तो लवकर भरतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

दोन गोष्टी मात्र टाळा. चालू इंजिनात नोझलच्या नळीजवळ हात नेऊ नका. तो फवारा कातडीत शिरतो. आणि टाकी डिझेल ओतून रिकामी केली, तरी तिला वेल्डिंग करू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढा: गाडी कधी बंद पडते? थंड असताना की तापल्यावर? चढावर की सपाटीला? टाकी भरलेली असताना की निम्मी? घरातल्या सगळ्यांना विचारा. पंपाची पाळी शेवटी येऊ द्या.

आणि हो, सून आणि नात दोघी खुशाल आहेत.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी