सहा काडतुसे की आठ?

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारपेठेत रोकड घेऊन रात्री-अपरात्री परतणारा व्यापारी, सराफ अथवा कंत्राटदार शस्त्रपरवान्यासाठी अर्ज करतो, तेव्हा परवाना हाती पडण्यापूर्वीच त्याच्या बैठकीत एक वाद रंगू लागतो. रिव्हॉल्वर घ्यावे की पिस्तूल? सहा काडतुसांवर भागेल की आठ हवीत? अर्ज अमरावती शहरातील असेल तर तो पोलीस आयुक्तांकडे जातो, अकोल्याचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. वाद मात्र दोन्हीकडे तोच.

हा वाद अगदीच निरर्थक आहे असे नाही. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, म्हणून सामान्य परवानाधारकाची निवड बहुधा बत्तीस बोअरवर येऊन थांबते. कानपूरच्या आयुध निर्माणीचे रिव्हॉल्वर सहा गोळ्यांचे. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये गाजावाजा करून बाजारात आणलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ हेही सहाच गोळ्यांचे. ‘अशनी’ या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये आठ मावतात. परंतु गोळ्या वाढल्या की मूठ वाढते, वजन वाढते, आणि वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात पातळ सदऱ्याखाली ते लपवणे कठीण होऊन बसते. शिवाय पिस्तुलात गोळी अडकली तर ती मोकळी करण्यास सरावलेला हात लागतो. रिव्हॉल्वरमध्ये एक गोळी फुकट गेली तर पुन्हा चाप ओढला की पुढची समोर येते. ज्याला वर्षातून एकदाही नेमबाजी करण्याची सवड मिळत नाही, त्याच्या हाती सहा गोळ्यांचे साधे यंत्रच अधिक सुरक्षित होय.

तथापि लपवण्याचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात आणि पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत आणि पुढाऱ्यांच्या स्वागतात जे दिसते, ते याच्या नेमके उलट. कमरेचे शस्त्र दिसावे यासाठीच कित्येकांचा सदरा वर सरकलेला असतो! आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, हे त्या वरातीतील किती जणांना ठाऊक असेल? बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे २०२४ च्या अखेरीस उघड झाले आणि पुढे अनेक रद्दही करावे लागले. परवाना हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले की काय होते, ते मराठवाड्याने दाखवून दिले आहे. वऱ्हाडाने तो अनुभव स्वतः घेण्याची गरज नाही.

भीती खोटी आहे, असे कोणी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीने आणि मे २०२३ मध्ये अकोल्याने दंगल आणि संचारबंदी पाहिली. अशा रात्री दारामागे उभ्या असलेल्या गृहस्थाला सहाऐवजी आठ गोळ्या असाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु धावत्या जमावात, अंधारात, थरथरत्या हाताने झाडलेली सातवी गोळी कोणाच्या छातीत शिरेल, हे तो सांगू शकत नाही. भारतीय न्याय संहितेने खासगी बचावाचा हक्क मान्य केला आहे. पण बचावास आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही. प्रत्येक गोळीचा जाब न्यायालयात द्यावा लागतो. ज्याला जमावाशी झुंजण्याइतका दारूगोळा लागेल असे वाटते, त्याला वस्तुतः पोलीस बंदोबस्ताची गरज आहे, आणि तो मागण्याचा त्याला अधिकार आहे.

याउलट मेळघाटाच्या पायथ्याशी रानडुकरांपासून तूर-हरभरा राखण्यासाठी रात्र जागवणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज आठवावा. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. त्याला बंदूक मिळाली तरी जनावर मारण्यासाठी वन्यजीव कायद्याची वेगळी अडचण उरतेच. त्याच्या ओट्यावर मात्र काडतुसांच्या संख्येचा वाद कधी झडत नाही.

खरी उणीव सरावाची आहे. परवान्यापूर्वी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे, असे नियम सांगतात. परंतु एकदा हाती आलेला परवाना २०१९ पासून तीनऐवजी पाच वर्षे चालतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी अर्जदाराने मधल्या काळात किती गोळ्या झाडल्या, कोठे झाडल्या, घरात शस्त्र कोठे ठेवले, मुलांच्या हाती कपाटाची किल्ली लागते काय, याची कसून विचारपूस क्वचितच होते. नूतनीकरणापूर्वी पोलिसांच्या चांदमारीच्या मैदानावर परवानाधारकाने अधिकाऱ्यांसमक्ष शस्त्र उघडावे, रिकामे करावे आणि ठरावीक अंतरावरून सहा गोळ्या लक्ष्यावर मारून दाखवाव्यात, एवढी अट घालण्यास काय हरकत आहे? जो मारू शकणार नाही त्याचे शस्त्र पोलीस ठाण्यात जमा व्हावे. निवडणुकीच्या दिवसांत अनेकांची शस्त्रे तशीही तेथे जमा होतात, आणि ते आठवडे त्यांचे मालक रिकाम्या कमरेनेच पेढीवर ये-जा करतात.