गैरसोय कोणाची, भरपाई कोणाला?

मुंबईत उतरायला आता नातेवाइकांचे घर राहिलेले नाही. गिरगावातील माझ्या मावसभावाची चाळ पाडली गेली आणि तो बदलापूरला गेला. बदलापूरहून रोज काळा घोड्याला येऊन अभिलेखागारातील जुने दप्तर चाळणे माझ्या वयाला झेपणारे नाही. म्हणून गेल्या महिन्यात फोर्ट विभागातील एका मध्यम प्रतीच्या हॉटेलात चार रात्री काढल्या. दाराशीच पितळी चौकटीत एक फलक उभा होता : ‘आपणास अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून नूतनीकरणाचे काम चालू आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तो होता, आणि तिन्ही भाषांत तो एकाच माणसाला उद्देशून होता : भाडे भरून खोली घेणाऱ्याला.

काम सकाळी नऊ ते सायंकाळी सहा एवढाच वेळ चालेल असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पहिल्या रात्री एक वाजेपर्यंत माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर फरशी कापण्याचे यंत्र किंचाळत होते. सकाळी न्हाणीघराच्या नळाला गढूळ पाणी आले आणि उशीवर पिठासारखी धूळ बसलेली दिसली. मी खाली जाऊन तक्रार केली. व्यवस्थापक तरुण व अतिशय विनयशील होता. माझे बोलणे पुरे होण्याच्या आतच त्याने दरात पंचवीस टक्के सूट देऊ केली. म्हणजे चार हजारांच्या खोलीमागे रोजचे एक हजार रुपये. त्याच्या तत्परतेवरून लक्षात आले की ही रक्कम नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकातच धरलेली असली पाहिजे. पाहुण्याच्या निद्रानाशाची किंमत अगोदरच ठरलेली होती. मी ती सूट स्वीकारली, हे येथे नमूद करतो.

दुसऱ्या रात्री उद्वाहक बंद होता व जिन्याने चढताना मी चुकून एक मजला अधिक वर गेलो. त्या मजल्याला दारे नव्हती, खिडक्यांना चौकटी नव्हत्या. उघड्या तारांवर एक दिवा लोंबत होता आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या व पुठ्ठे अंथरून पंधरा-सोळा माणसे झोपली होती. एका कोपऱ्यात रंगाच्या डब्यांशेजारी स्टोव्ह, तांदळाची पिशवी व कांदे. एक पोरसवदा कामगार जागा होता. तो मालदा जिल्ह्यातला. रोज साडेसहाशे रुपये, महिन्यातून एकदा मुकादमाच्या हातून, उचल वजा करून. रात्रीच्या कामाचे निराळे काही नाही, कारण ‘काम लवकर उरकायचे आहे’. ज्या यंत्राने माझी झोप मोडली होती ते तोच चालवीत होता. तोंडाला त्याने गमछा बांधलेला असे. माझ्या एका रात्रीच्या गैरसोयीबद्दल मला मिळालेली भरपाई त्याच्या दीड दिवसाच्या मजुरीहून अधिक होती! आणि तो सात महिने त्याच धुळीत राहत, जेवत व झोपत होता.

ही धूळ साधी नसते. दगड व कृत्रिम दगड कापताना उडणारा सिलिकाचा सूक्ष्म कण फुप्फुसात बसला की निघत नाही. हल्ली हॉटेलांच्या न्हाणीघरांत ज्या कृत्रिम दगडाची फार चलती आहे, त्यात सिलिकाचे प्रमाण इतके मोठे असते की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे त्यावर उपाय म्हणजे गमछा.

आता कायदा पाहू. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याने ‘बांधकाम’ या शब्दात फेरबदल, दुरुस्ती, देखभाल व पाडकाम ही सारी कामे स्पष्टपणे घातली होती. तेव्हा ‘हे बांधकाम नव्हे, केवळ सजावट आहे’ ही ठेकेदारांची पळवाट तेव्हापासूनच बुजलेली आहे. त्याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने कामगारांना मोफत तात्पुरते निवासस्थान, त्यात स्वयंपाकाची वेगळी जागा, आंघोळीची व शौचाची सोय देणे मालकावर बंधनकारक केले होते. सिमेंटच्या गोण्यांनी ते बंधन पुरे होते असे कोणी म्हणणार नाही. याच कामगारांच्या कल्याणासाठी बांधकामखर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो. त्याचे काय झाले? २०१८ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर गोळा झाला आणि कामगारांसाठी म्हणून खर्च झाले ते सुमारे ९,५०० कोटी. पैसा नव्हता, ही सबब या प्रकरणात शासनाला सांगता येत नाही. पैसा होता आणि माणूस पुठ्ठ्यावर झोपला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या श्रमसंहितांच्या गाठोड्यात बांधला गेला आहे. तीस वर्षे जे पाळले गेले नाही, ते गाठोड्याचे फडके बदलल्याने पाळले जाईल अशी आशा ज्यांना करावयाची असेल त्यांनी करावी.

परंतु माझ्या मनाला अधिक डाचते ती गोष्ट दुसरीच आहे, आणि तिच्याकडे आपल्याही कार्यकर्त्यांचे लक्ष क्वचितच जाते. बांधकाम कामगार निदान डोळ्यांना दिसतो. नूतनीकरणात जो दिसेनासा होतो, तो हॉटेलातला जुना नोकर.

माझी खोली आवरायला येणारे गृहस्थ बावन्न वर्षांचे होते. हॉटेलांच्या भाषेत ते ‘रूमबॉय’. या धंद्यात माणूस निवृत्त होईपर्यंत पोरगाच राहतो. मूळचे संगमेश्वर तालुक्यातले, या एकाच हॉटेलात सत्तावीस वर्षे. ‘सर, रस्त्याकडची खोली देऊ का? या बाजूला आवाज फार,’ असे म्हणून त्यांनीच मला तिसऱ्या दिवशी दुसरी खोली मिळवून दिली. त्यांच्या सदऱ्यावरचा बिल्ला हॉटेलचा नव्हता, एका ठेकेदार संस्थेचा होता. मी विचारले तेव्हा त्यांनी हातातली चादर न थांबवता सांगितले ते असे. दोन मजले कामासाठी बंद झाले तेव्हा निम्म्या कायम नोकरांना साठलेली रजा संपवायला सांगितले. रजा संपली तेव्हा ‘काम पुरे होईपर्यंत घरी राहा, बोलावू’ असे सांगितले. पगार नाही. चार महिने गावी काढल्यावर त्यांना बोलावणे आले ते ठेकेदाराचे. तोच मजला, तेच काम, पगार जवळजवळ निम्मा. ‘जुनी नोकरी गेली असे कोणी लिहून दिलेले नाही ना?’ मी विचारले. ‘नाही सर. लिहून दिले असते तर युनियनकडे गेलो असतो.’

या एका वाक्यात नूतनीकरणाचे सारे अर्थशास्त्र आहे. हॉटेल बंद केले तर तो ‘बंद’ ठरतो, नोटीस व भरपाई द्यावी लागते. कामगारकपात केली तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मोजावे लागते. नूतनीकरण मात्र बंद नव्हे, कपातही नव्हे. ते केवळ काही काळ दाराशी उभे केलेले पितळी फलक आहे. मग काही काळापुरते काम थांबले तर ज्याला आपण ले-ऑफ म्हणतो, त्याची निम्म्या वेतनाची भरपाई का मिळू नये? कारण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ही भरपाई कारखाना, खाण व मळा या तीनच ठिकाणच्या कामगारांना दिली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती तीन नावांची यादी तशीच ठेवली. हॉटेल त्या यादीत नाही. वकील मित्र म्हणतील की अशा वेळी वाद उपस्थित करून पूर्ण वेतनच मागता येते. येते, हे मला ठाऊक आहे. संगमेश्वरला घरी बसवलेल्या माणसाने मुंबईच्या कामगार न्यायालयात किती वर्षे तारखा घ्यावयाच्या तेवढे त्यांनी सांगावे.

आता याच्या शेजारी दुसरा एक निर्णय ठेवून पाहा. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या अखेरीस आतिथ्य-व्यवसायाला ‘उद्योगाचा दर्जा’ बहाल केला आणि १ एप्रिल २०२१ पासून नोंदणी केलेल्या हॉटेलांना वीज, पाणी, मालमत्ता कर आदींबाबत औद्योगिक दर लागू करण्याचे ठरविले. महासाथीने व्यवसाय कोलमडला होता, तेव्हा मदत देण्यास माझी हरकत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. विजेच्या मीटरसमोर जे हॉटेल उद्योग असते, ते रूमबॉयच्या वेतनासमोर उद्योग का नसते? एकाच इमारतीला एकाच राज्यात दोन व्याख्या कशा लागू होतात? दर्जा देताना एका ओळीची अट घालता आली असती : नूतनीकरणाच्या काळात कायम कामगारांचे वेतन चालू ठेवणाऱ्या हॉटेलांनाच ही सवलत मिळेल. ती ओळ कोणी लिहिली नाही, कारण ती मागणारे कोणी त्या खोलीत नव्हते.

करांच्या नियमांकडे वळलो म्हणजे हे चित्र अधिक बोलके होते. १९६२ च्या आयकर नियमांत राहत्या इमारतीवर दरसाल पाच टक्के घसारा मान्य केला गेला, हॉटेलच्या इमारतीवर दहा टक्के. पलंग, कपाटे, विजेची जोडणी यांवरही दहा टक्के. म्हणजे पलंग झिजतो हे राज्य मान्य करते आणि त्याच्या झिजेपोटी मालकाला करात सूट देते. त्या पलंगावरची चादर सत्तावीस वर्षे ताणून बसवणाऱ्या माणसाच्या कमरेची झीज कोणत्याही रकान्यात बसत नाही. पलंग बदलला की तो भांडवली खर्च. माणूस बदलला की ती बचत.

यावर ठरलेले उत्तर येते की नूतनीकरणाने रोजगार निर्माण होतो. सुताराला, रंगाऱ्याला, फरशीवाल्याला काम मिळते हे खरेच आहे. परंतु दहा महिन्यांचा रोजगार पुठ्ठ्यावर झोपवून द्यायचा आणि सत्तावीस वर्षांचा रोजगार ठेकेदाराच्या बिल्ल्यात रूपांतरित करायचा, या व्यवहाराच्या दोन्ही बाजू ताळेबंदात मांडल्याशिवाय बेरीज करू नये, एवढे तर मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवीत असे. नव्या संहितेतही आस्थापनेच्या मूळ कामावर कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. खोल्या आवरण्याचे काम मूळ कामातून वगळले आहे ते, आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तरच. हॉटेल हे खोली देण्यासाठी उभारलेले नसते, तर कशासाठी उभारलेले असते बरे?

आपल्यातील काही मित्रांची हरकत वेगळी असते. हॉटेल हा चैनीचा धंदा. तेथील नोकराला बक्षिशी मिळते. शेतमजुराच्या प्रश्नापुढे हा प्रश्न तो काय? हा दृष्टिकोन मला मान्य नाही. याच कष्टकऱ्यांना आपल्या जुन्या पिढीने संघटित केले होते. जॉर्ज फर्नांडिस यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ मंगळूरच्या हॉटेल व वाहतूक कामगारांत झाला, हे तरी विसरू नये. शिवाय जो आज रूमबॉय आहे तो कालचा कोकणातला भूमिहीन आहे. बक्षिशीचे म्हणाल तर बंद मजल्यावर बक्षिशी देणारा कोण असतो?

गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, मी नूतनीकरणाच्या विरुद्ध नाही. मी उतरलो होतो तेथून काही मिनिटांवर एके काळच्या वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. १८९६ साली जेथे ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखविली गेली, तिची निगा न राखल्यामुळे २००५ मध्ये काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. जुन्या इमारती दुरुस्त झाल्याच पाहिजेत. पण ती दुरुस्ती माणसे आत ठेवून, एकेक मजला बंद करीत, रात्रीचा दिवस करून का करावयाची? उत्तर सरळ आहे : उरलेल्या मजल्यांचे भाडे बुडू नये म्हणून. २९ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्याच्या बडाबाजारालगतच्या मेछुआ भागात एका हॉटेलला आग लागून चौदा माणसे दगावली. त्या वेळी पहिल्या मजल्यावर काम चालू होते, असे वृत्तपत्रांनी लिहिले. मी ज्या जिन्याने चुकून वर गेलो, त्याच्या निम्म्या रुंदीत लाद्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या, आणि वरच्या मजल्यावर स्टोव्ह होता.

मुंबईकर कामगाराला हा शब्द नवा नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या बाबतीत तो ‘आधुनिकीकरण’ असा उच्चारला गेला. १९९१ च्या विकास नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट दिली ती त्याच नावाने. पुढे २००१ मध्ये नियमच बदलला आणि नगराच्या व घरांच्या वाट्याला यावयाची जमीन आकसली. गिरण्या आधुनिक झाल्या नाहीत. त्यांच्या जागी काय उभे राहिले ते परळला जाऊन पाहता येते.

तेव्हा माझी सूचना अगदी छोटी आहे व ती शहर शाखांना उद्देशून आहे. ज्या हॉटेलाभोवती परांची व हिरवे जाळे दिसेल, तेथे मागच्या दाराने जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. किती मजले बंद आहेत आणि त्या मजल्यांवरचे कायम नोकर आज कोठे आहेत. त्यांना लेखी काय दिले आहे. फरशी कापणारे कामगार रात्री कोठे झोपतात व त्यांची कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का. दुसरा जिना मोकळा आहे का. उत्तरे लिहून काढावीत, तारीख घालावी व कामगार आयुक्तांकडे, जिन्याच्या बाबतीत अग्निशमन दलाकडेही, पोचवून पोच घ्यावी. आणि ले-ऑफ भरपाईच्या यादीत हॉटेल हे चौथे नाव घालावे, ही मागणी येत्या अधिवेशनाच्या ठरावात यावी.

मी ते चार हजार रुपये निघताना त्या गृहस्थांना देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. ‘ते हॉटेलने तुम्हांला दिलेत सर,’ ते म्हणाले, ‘माझे हॉटेलकडे सात महिन्यांचे निराळे आहेत.’ त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या पगारपत्रकांच्या छायाप्रती मात्र मी मागून घेतल्या आहेत. पहिला अर्ज त्यांच्या सहीने या आठवड्यात जाईल.