सापडली म्हणे पाइपलाइन!

मुंबईत स्टेशनाचा कायापालट काढला की एक चमत्कार ठरलेला. पत्रे ठोकले जातात, जेसीबी दात विचकतो आणि थोड्याच दिवसांत साहेब साश्चर्य जाहीर करतात : खाली पाण्याची लाइन सापडली! सापडली? मोहेंजोदडो आहे का तो? टाकली कुणी? सरकारी खात्यानंच. आंघोळ कशावर करता? तिच्याच पाण्यावर!

बोरीबंदर-ठाणे गाडी 1853 मध्ये सुटली, विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये शहरात आलं, तानसाचं 1892 मध्ये. रूळ आणि नळ दीड शतकाहून अधिक काळ शेजारी नांदतात. त्यांच्या मालकांची तोंडओळख व्हायची आहे. पालिकेला रुळांखालून लाइन न्यायची? रेल्वेला वे-लीव्हचे, म्हणजे तिच्या जागेतून जाण्याच्या परवानगीचे, पैसे मोजा. रेल्वेला लाइन हलवून हवी? आधी पालिकेत पैसे भरा. पैसा जनतेचाच, या खिशातून त्या खिशात. पण प्रवासात पन्नास सह्या.

बरं, लाइन वळवणं हे काही ब्रह्मज्ञान नव्हे. चाचणी खड्डे घ्या, बाजूनं नवी लाइन टाका, दाबाची चाचणी करा, व्हॉल्व्ह बंद करून जोडा, धुऊन काढा. जल खात्यातल्या कुठल्याही अनुभवी माणसाला झोपेत येईल. फक्त खणण्याआधी त्याला विचारावं लागतं. आणि विचारलं, तर आपल्याला माहीत नव्हतं हे सिद्ध होतं ना!

दिल्लीकरांना ही अडचण उमगली. 22 मार्च 2023 रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप थाटात आलं. खणण्याआधी कळवा, खाली काय आहे ते समजेल. मुहूर्तही कसा, जागतिक जलदिनाचा! त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रो 6 च्या कामात ड्रिल थेट 1800 मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीत घुसलं. सुई नव्हे हो, ताठ उभा माणूस मावेल एवढी वाहिनी! अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगावच्या बादल्या कोरड्या आणि रस्त्यावर गंगावतरण.

मग येतं प्रसिद्धिपत्रक, या सगळ्या नाट्याचा कळसाध्याय. पाणीपुरवठा पूर्णपणे बंद राहील. नागरिकांनी पाणी काटकसरीनं वापरावं. कुठलं? पुढे प्रेमळ सल्ला : काही दिवस गाळून, उकळून प्यावं. म्हणजे खड्डा त्यांचा, गॅस आमचा.

नकाशे आहेत हो, भरपूर आहेत. रेल्वेचे रेल्वेकडे, पालिकेचे पालिकेकडे, मेट्रोचे मेट्रोकडे. प्रत्येकाच्या नकाशात दुसऱ्याची लाइन म्हणजे अफवा. खरा नकाशा वॉर्डातल्या चावीवाल्याच्या डोक्यात. रोज व्हॉल्व्ह फिरवून फिरवून त्याला गल्लीखालची नस न् नस पाठ. पण वातानुकूलित समन्वय बैठकीत त्याला खुर्ची नाही. तो पॉवरपॉइंट करत नाही ना!

माझी एकच नम्र सूचना. पुढच्या भूमिपूजनाला मंत्रिमहोदयांऐवजी कुदळ त्या चावीवाल्याच्या हाती द्या. कुठे मारायची नाही, हे ठाऊक असलेला मंडपात तो एकटाच असेल.