भाऊसाहेब बांदोडकर : विरोधी कौलाची कसोटी

नव्याने मुक्त झालेल्या भूमीच्या पहिल्या नेत्याची कसोटी लोकमत विरोधात गेल्यावरच लागते. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी १९६४ मध्ये एकपक्षीय राजवट आणली. १९६१ मध्ये पोर्तुगीजांपासून मुक्त झालेल्या गोव्यात वेगळे घडले. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर महाराष्ट्रातील विलीनीकरणाचे पुरस्कर्ते होते. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी नाकारले गेले. कॅथलिक समाज बहुतांशी विरोधातच होता. तरीही त्याच वर्षी निवडणुकीत जनतेने बांदोडकरांनाच पुन्हा सत्ता दिली. १९७३ मध्ये निधन होईपर्यंत ते मुख्यमंत्री होते. गावोगावच्या शाळा व कुळकायदा हा त्यांचा वारसा खराच. परंतु मतपेटीपुढे नमणे हा त्याहून मोठा होय.