जिवाणूचा सातबारा कोणाच्या नावे?

समुद्रात तेल सांडले की वर्तमानपत्रांतून तेल खाणाऱ्या जिवाणूंची कौतुके छापून येतात. कौतुकास हरकत नाही; परंतु त्याच्या आड मालकीचा एक व्यवहार दडलेला आहे.

मातीतील स्यूडोमोनास जिवाणूंना तेलाचे निरनिराळे घटक पचविण्याची शक्ती निसर्गानेच दिली आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे बंगाली शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी वेगवेगळ्या जिवाणूंतील ही शक्ती वाहणारी प्लाझ्मिडे एकाच जिवाणूत आणली. १९७२ साली पेटंटसाठी अर्ज झाला. पेटंट कार्यालयाने सजीवावर हक्क देण्याचे नाकारले. अखेर १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. चार गावची बियाणी एकत्र पेरणाऱ्याने शेताचा सातबाराच आपल्या नावे करून घ्यावा, तसा हा न्याय!

पेटंटाविना संशोधन खुंटेल, असे भांडवलशाहीचे वकील सांगतात. चक्रवर्तींची पीएच.डी. कलकत्ता विद्यापीठाची. गरीब देशाच्या विद्यापीठाने घडविलेल्या बुद्धीचे भाडे कंपनीने त्या विद्यापीठास कधी दिले? आणि ज्या जिवाणूसाठी एवढा कज्जा झाला, तो प्रत्यक्ष तेलगळतीवर कधी वापरलाच गेला नाही.

१९८९ साली अलास्कात ‘एक्झॉन वाल्डीझ’ जहाजातून सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले. तेथे किनाऱ्यावरच्याच जिवाणूंना नत्र व स्फुरदाचे खत घालण्यात आले आणि त्यांनी आपले काम केले. तेही जेथे प्राणवायू पोचला तेथेच. गोट्यांखाली दडलेले तेल दशकांनंतरही सापडत राहिले. ज्युरीने कंपनीस ठोठावलेला पाच अब्ज डॉलरचा दंडात्मक भुर्दंड मात्र २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे एकावन्न कोटींवर आणला. नफा खासगी, घाण सार्वजनिक, आणि ती निपटणारे जिवाणू पुन्हा खासगी: हिशेब असा आहे.

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने अशा मक्तेदारीस बराच बांध घातला होता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापुढे मान तुकवून २००२ च्या दुरुस्तीने वनस्पती व प्राणी वगळले, पण सूक्ष्मजीव त्या वगळण्यातून मोकळे ठेवले. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांतून सिद्ध होणारे जिवाणू तरी जनतेच्या मालकीचे राहतील, आणि गळतीचा खर्च तेलवाल्यांकडूनच वसूल होईल, असे स्पष्ट कलम पक्षाच्या संसद सदस्यांनी का मागू नये?